तट्टाची गाठ : झाकावी की दाखवावी?

चामखीळ झाली की तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधावा, म्हणजे ती चार-आठ दिवसांत सुकून गळून पडते, हा आपल्याकडचा जुना घरगुती तोडगा. आमच्या लहानपणी टांगेवाल्याकडून असा केस मागून आणण्याची कामगिरी पुष्कळदा आमच्यावर पडे, आणि टांगेवालाही कधी नाही म्हणत नसे. परंतु त्याच घोड्याच्या अंगावर गाठ उठली तर त्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न वयाची पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांला सुचला नव्हता. तो सुचला बाळकुमला.

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीच्या पुलाच्या अलीकडे बाळकुम लागते. जुने गाव, खाडीचा शेजार, आणि आता चोहोबाजूंनी उंच इमारती. त्या इमारतींच्या पाठीमागे एका पत्र्याच्या शेडमध्ये एक गृहस्थ लग्नाची एक घोडी आणि एक तट्टू बाळगून आहेत. घोडी लग्नसराईत वरातीला जाते. तट्टू जत्रेत, वाढदिवसांना, सुटीच्या दिवशी मैदानावर मुलांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारते. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आणि त्या बंद करण्यास वर्षाची मुदत घातली, तेव्हा शहरातून घोडा गेला असे आपण समजून चाललो. तो गेला नाही. तो वरातीत आणि वाढदिवसात राहिला. या गृहस्थांचा आणि आमचा संबंध आला तो एका कंत्राटदाराने थकविलेल्या पैशांवरून. पैशांची बोलणी चालली असता आमचे लक्ष तट्टाच्या छातीकडे गेले. तेथे कवड्यांचा आणि रंगीत गोंड्यांचा एवढा मोठा पेशबंद होता की, तट्टाच्या मानाने तो फारच भारी वाटला. जेथे आरास गरजेपेक्षा अधिक दिसते, तेथे तिच्यामागे काहीतरी असते, हे आम्ही कारखान्यांच्या तपासणीच्या दिवशी अनेकदा पाहिले आहे. पेशबंद उचलला. खाली, पुढच्या पायाच्या काखेजवळ, तंग जेथे आवळला जातो तेथून दोन बोटांवर, लिंबाएवढी लालभडक गाठ होती. वरून फुलकोबीसारखी फाटलेली, ओली आणि माश्यांनी भरलेली.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. वर्षापूर्वी त्या जागी रुपयाएवढा डाग पडला; केस गेले, कातडी करड्या रंगाची व खरखरीत झाली. "गजकर्ण असेल दादा, उतरेल," असे म्हणून त्यांनी मलम चोळले. डाग उतरला नाही. तंगाच्या घर्षणाने तेथे वाटाण्याएवढी गाठ आली. तिला दोरा बांधून पाहिला. गाठीचे बूड रुंद, दोरा ठरेना. शेवटी एका जाणत्या म्हणविणाऱ्याने तापल्या सळईने तिला डाग दिला. पंधरा दिवस बरे वाटले, आणि मग गाठ जी उसळली ती लिंबाएवढी झाली. आता मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या बाजारात तट्टू विकून टाकावे असा त्यांचा बेत होता. पेशबंद त्या तयारीतला.

मराठीत ‘दाखवणे’ या क्रियापदाची मोठी मौज आहे. जनावर गिऱ्हाईकाला दाखवतात आणि डॉक्टरलाही दाखवतात. या गृहस्थांची सगळी अडचण या दोन अर्थांच्या मध्ये सापडलेली होती. गिऱ्हाईकाला दाखवायचे म्हणून डॉक्टरला दाखवायचे राहिले होते.

ही गाठ म्हणजे काय, हे आता थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पशुवैद्यकात तिला सारकॉइड म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील जॅक्सन या संशोधकाने १९३६ साली दिले. घोडा, तट्टू, गाढव, खेचर या सगळ्या कुळात ती होते, आणि जगभर घोड्यांच्या कातडीवर उठणाऱ्या अर्बुदांत हिचीच संख्या सर्वांत मोठी आहे. ती कोठून येते याचा उलगडा मोठा चमत्कारिक आहे. गाईबैलांना मस येतात. ते एका विषाणूमुळे. १९५१ साली ओल्सन आणि कुक या अमेरिकन संशोधकांनी गाईच्या मसाचा अर्क घोड्याच्या कातडीत टोचला आणि तेथे सारकॉइडसारख्या गाठी उठलेल्या पाहिल्या. पुढे विषाणूची ओळख पटविण्याची साधने सुधारली, तेव्हा घोड्याच्या या गाठींत गाईच्याच मसाच्या विषाणूचे अंश वारंवार सापडले. म्हणजे रोग गाईचा आणि भोग घोड्याचा. गाईला तो साधा मस. पुष्कळदा आपोआप जातो. घोड्याच्या कातडीत मात्र तो ठाण मांडून बसतो. एका जनावराकडून दुसऱ्याकडे तो माश्यांवाटे जात असावा असा तज्ज्ञांचा दाट संशय आहे, कारण माश्यांच्या अंगावरही त्या विषाणूचा अंश मिळाला आहे. पण माशी सगळ्यांनाच चावते आणि गाठ सगळ्यांना होत नाही. काही घोड्यांच्या रक्तातच, घराण्यातच, तिचा ओढा असतो.

ही गाठ आतल्या फुफ्फुसा-काळजापर्यंत सहसा पसरत नाही, म्हणून तिला खऱ्या अर्थाने कर्करोग म्हणत नाहीत. पण जेथे आहे तेथे ती मुळे धरते आणि आजूबाजूला सरकत जाते. तिची रूपेही एक नाहीत. कधी केस गेलेला सपाट डाग, गजकर्णाशी हटकून गोंधळ होईल असा. कधी मसासारखी खरखरीत खपली, कधी कातडीखाली फिरणारी गुळगुळीत गोळी, कधी आमच्या तट्टासारखी उघडी, मांसल, रक्ताळणारी. एकाच जनावराच्या अंगावर ही सारी रूपे एकत्र दिसू शकतात. जागा ठरलेल्या : डोळ्याभोवती, कानाशी, छातीखाली, मांड्यांच्या आत, आणि जेथे पूर्वी जखम झाली असेल तेथे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सपाट, निवांत असलेला डाग कोणी चोळला, खरवडला, अर्धवट कापला, डागला, तर तो चवताळतो आणि लवकरच मांसल रूप घेतो. बाळकुमच्या तट्टाच्या बाबतीत झाले ते हेच. सळई देणाऱ्याने द्वेषाने काही केले नाही. पण गाठ त्याच्यामुळे वाढली हे खरेच आहे.

मग प्रत्येक गाठ सारकॉइडच का? नाही; आणि म्हणूनच डॉक्टरला दाखविण्याचा आग्रह. तीन वर्षांच्या आतल्या शिंगरांच्या नाकपुडीभोवती, ओठांवर मसांचे झुबके येतात. ते घोड्याच्या स्वतःच्या विषाणूचे, आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. तेथे धीर हेच औषध. दुसरा प्रकार पांढऱ्या घोड्यांचा. जन्मतः काळे किंवा तांबडे असून वयाबरोबर पांढरे होत जाणारे जे घोडे, त्यांच्या शेपटीखाली, गुदाभोवती काळ्या कठीण गाठी येतात. अशा घोड्यांपैकी पंधरा वर्षांवरील फार मोठ्या भागाला त्या होतात. केस पांढरे करणारा जो आनुवंशिक बदल, तोच या गाठींनाही वाट करून देतो, हे २००८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. वरातीला पांढरी घोडीच हवी असा आपला हट्ट असतो, त्या अर्थी ही माहिती घोडीवाल्यांच्या उपयोगाची आहे. जन्मापासून गुलाबी कातडीचे जे नुकरे घोडे, त्यांची गोष्ट वेगळी.

तिसरा प्रकार तर आपल्याच मातीतला. इंग्रज पलटणींचे घोडे हिंदुस्थानात आले तेव्हा पावसाळ्यात त्यांच्या अंगावर न भरणारे व्रण उठू लागले; दाबले तर आतून पिवळे, चुनखडीसारखे खडे निघत. इथले सईस त्याला ‘बरसाती’ म्हणत. तो शब्द जसाच्या तसा इंग्रजी पशुवैद्यकाच्या ग्रंथांत जाऊन बसला, आणि त्या खड्यांना तेथेही ‘कंकर’ हेच नाव पडले. शाळा फारशी न पाहिलेल्या सईसांनी दिलेले नाव विद्वानांनी शंभर वर्षे वापरले, याचा आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो आम्ही लपवीत नाही. बरसातीचे एक कारण म्हणजे घोड्याच्या पोटातील एका जंताची पिल्ले; माशी ती जखमेवर आणून टाकते. जंताच्या योग्य औषधाने असा व्रण भरून येतो. साचलेल्या पाण्यातील एका बुरशीसारख्या जीवामुळेही तसलाच व्रण होतो, आणि तो फार वाईट. जुन्या ग्रंथांत हे दोन्ही बरसाती या एकाच नावाखाली गेले. वरून पाहता यांत आणि उघड्या सारकॉइडमध्ये फरक करणे जाणत्यालाही कठीण जाते.

चौथा प्रकार सांगताना थट्टा बाजूला ठेवली पाहिजे. ग्लँडर्स नावाच्या रोगात पायांच्या, मानेच्या शिरांवरून माळेसारख्या गाठी उठतात, फुटतात, त्यांतून मधासारखा चिकट स्राव येतो, नाकातूनही येतो. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. त्यासाठी आपल्याकडे १८९९ सालापासून स्वतंत्र कायदा होता. त्याची जागा २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने घेतली. २००६ साली हा रोग महाराष्ट्रात पुन्हा डोके वर काढून गेला आहे. रक्ताचा नमुना हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो, आणि रोग ठरला तर जनावरावर उपचार करीत नाहीत, त्याला वेदना न होऊ देता मारावे लागते. ओल्या गाठींचे घोडे पेशबंदाखाली झाकून मुलांच्या गर्दीत आणणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे. सारकॉइड माणसाला होत नाही. पण ती सारकॉइडच आहे, हे पेशबंद सांगू शकत नाही.

आमचा आग्रह मानून ते गृहस्थ तट्टू दाखवायला तयार झाले, तेव्हा खरी अडचण बाहेर आली. उपचाराचे पैसे एक वेळ जमतील, पण तट्टू सहा आठवडे कामावर गेले नाही तर त्याला आणि आम्हांला खायला कोण घालील, असे त्यांनी विचारले. या प्रश्नाला जनावरांवर दया करा हे उत्तर नव्हे. आजारी कामगार कामावर का येतो, तर रजेचा पगार नाही म्हणून, तट्टाचेही तेच. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जखमी किंवा आजारी जनावर कामाला जुंपणे हा गुन्हा ठरविला आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एका फेरीच्या भाड्यात तो भागेल. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले, तेही आम्ही काढून वाचले आणि चकित झालो. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नाही, सदतीस अंशांवर उन्हाचा ताप असेल तेथे दुपारी बारा ते तीन काम नाही, तट्टाच्या पाठीवर सत्तर किलोंपेक्षा अधिक ओझे नाही. नऊ तास आणि पाच तासांनंतर विश्रांती, हे तर १९४८ च्या कारखाने कायद्यातले आकडे! कामगारांना मिळालेले हक्क तट्टालाही कागदावर तसेच मिळाले. आणि आजारपणाची भरपगारी रजा दोघांच्याही नियमांत मिळाली नाही.

तेव्हा ठाणे, बाळकुम, कळवा येथील सहा घोडेवाल्यांनी मिळून एक भिशी काढली. ज्याचे जनावर डॉक्टरच्या सांगण्यावरून उभे राहील त्याला त्या दिवसांचा चारा-दाणा भिशीतून. प्रत्येक जण दुसऱ्यावर संशय घेत होता, पहिल्या सभेत भांडण होऊन दोघे उठूनही गेले. एक परत आला. रक्कम मोठी नाही. पण सहा आठवड्यांचा प्रश्न सुटला.

ज्या डॉक्टरीणबाईंनी तट्टू पाहिले त्यांनी प्रथम त्याला धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि उघड्या जखमेचे जनावर लसीवाचून ठेवणे धोक्याचे, हे आम्हांला तेथे कळले. मग त्यांनी रक्त तपासायला पाठविले, आणि ते निर्दोष आल्यावर शस्त्रक्रिया ठरविली. आमची समजूत अशी की, सुरीने गाठ उडवली म्हणजे संपले. त्या म्हणाल्या, नुसती गाठ कापली तर ती पुष्कळदा पुन्हा येते, आणि पूर्वीपेक्षा रागाने येते. म्हणून गाठीला सुरीचा स्पर्शही होऊ न देता, बाहेरच्या निरोगी कातडीतून रुंद कड सोडून ती सबंध काढायची, आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. देठ असलेली लहान गाठ रबराच्या कड्याने आवळून पाडता येते. म्हणजे शेपटीच्या केसाची विद्या अगदीच खोटी नाही. पण बूड रुंद असेल, मूळ कातडीत पसरलेले असेल, तर वरचा भाग गळतो आणि मूळ राहते. याशिवाय अतिथंड द्रवाने गाठ गोठविणे, लेसरने काढणे, कर्करोगावरची औषधे गाठीत टोचणे किंवा मलमाने लावणे, असे अनेक मार्ग आहेत. इतके मार्ग आहेत याचाच अर्थ असा की, हमखास मार्ग एकही नाही.

त्यांतला एक मार्ग ऐकून आम्हांला फार गंमत वाटली. डोळ्याजवळच्या गाठीत कधी कधी बीसीजी टोचतात. हीच ती क्षयावरची लस, जी आपल्या लेकरांच्या दंडावर टोचली जाते आणि जी मद्रासजवळच्या गिंडी येथील प्रयोगशाळेत १९४८ पासून बनू लागली. फ्रान्सच्या काल्मेत आणि गेरॅं यांनी ती गाईच्या क्षयजंतूपासून तयार केली. गाईच्या विषाणूने उठविलेली गाठ गाईच्याच जंतूने उतरवायची, असा हा प्रकार. शरीराची झोपलेली रखवाली त्या लसीने जागी होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी टोचताना जनावराला एकाएकी झटका येऊ शकतो, म्हणून ते काम डॉक्टरच्याच हातचे. घरी करण्याचे नव्हे.

आमच्या तट्टाची छातीची गाठ परळला काढली. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाचे नाव मुंबईकरांना ठाऊक आहेच. १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेही त्याच आवारात. बाळकुमहून टेंपोत घालून तट्टू नेताना त्या गृहस्थांनी सगळ्या वाटेने त्याचा कान हातात धरून ठेवला होता. डाव्या मांडीच्या आत आणखी एक लहान डाग निघाला, जो आम्हां कोणालाच दिसला नव्हता. त्याला कापायचे नाही असे ठरले. हातमोजे घालून लावायचे एक मलम दिले. ते लावल्यावर ती जागा आधी सुजली, पाणावली, भयंकर दिसू लागली. तसे होणारच हे आधी सांगितले नसते तर मलम दुसऱ्याच दिवशी उकिरड्यावर गेले असते.

सहा आठवड्यांनी जखम भरली, आणि सारंगखेड्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात, तापीच्या काठी एकमुखी दत्ताची ही यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्यात देशभरचे घोडे येतात. आम्हीही हौसेने बरोबर गेलो. बाजार पाहून डोळे दिपले. मारवाडी, काठेवाडी, पांढरे नुकरे. कोणी रवाल चालीने पळवतो आहे, कोणी ढोलावर नाचवतो आहे. गिऱ्हाईक मात्र प्रथम भोवरे मोजते. गळ्याखाली देवमण आहे का, डोळ्याखाली आसूढाळ तर नाही, चार पाय आणि तोंड पांढरे म्हणजे पंचकल्याणी आहे का, यावर तास तास खल चालतो. आमच्या तट्टाला पाहायला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या अंगावरचा एकही भोवरा सोडला नाही. दात पाहिले, टाचा पाहिल्या, पण छातीखाली हात घातला नाही. केसांच्या भोवऱ्याने घोड्याच्या आयुष्यात काही बिघडत नाही. ज्याने बिघडते ते झाकण्याला पेशबंद पुरतो. आम्ही श्रद्धेची चेष्टा करीत नाही. भोवरे मोजणाऱ्याने दोन मिनिटे छाती, काख आणि मांडीच्या आतही पाहावे, इतकेच म्हणणे आहे.

पेशबंद तट्टाने त्या दिवशी घातलेला नव्हता. आमच्या गृहस्थांनी स्वतः त्या शेतकऱ्याचा हात धरून व्रणावर ठेवला, काय झाले होते ते सांगितले, आणि ही पुन्हा येऊ शकते हेही सांगितले. येताना गाडीत यावरून आमचा वाद झाला होता. ते म्हणाले होते, सांगितले तर कोण घेईल? आम्ही म्हणालो, न सांगता विकाल, तर तिकडचा कोणी गरीब पुन्हा सळई तापवील. शेतकऱ्याने ऐकून घेतले, किंमत सात हजारांनी खाली आणली, आणि विचार करून येतो म्हणून गेला तो आला नाही. तीन दिवसांत दुसरे कोणी विचारले नाही. तट्टू आमच्याबरोबर परत बाळकुमला आले. परतीच्या वाटेवर ते गृहस्थ आमच्याशी धुळ्यापर्यंत बोलले नाहीत, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे आम्हांला अजूनही म्हणवत नाही.

अशी गाठ होऊन गेलेले जनावर प्रदर्शनात किंवा जत्रेत न्यावे की नाही, असे त्यानंतर अनेकांनी आम्हांला विचारले आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे : निदान झालेले असेल, जागा कोरडी असेल आणि सामान तिच्यावर घासत नसेल, तर न्यायला हरकत नाही. उघडी असेल तर नेऊ नये. माश्यांसाठी आणि जनावराच्या वेदनेसाठी. त्याचा खरारा, झूल, तंग दुसऱ्या घोड्याला वापरू नये. रक्ततपासणीचा दाखला जवळ असावा. गाईम्हशींच्या गोठ्याला लागून घोडा बांधू नये हे बरे, पण बाळकुमसारख्या ठिकाणी जागा मिळते तेथे बांधावा लागतो. मग निदान लीद रोज उचलावी, म्हणजे माश्या कमी होतात.

या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. छातीची गाठ उलटलेली नाही. तेथे बोटभर पांढरा व्रण आहे आणि त्याच्यावर केस आलेले नाहीत. तंग आता तेथून चार बोटे मागे येईल असा शिवून घेतला आहे. रोज सकाळी खराऱ्याच्या वेळी ते गृहस्थ हात ओला करून छातीखालून, कानाच्या बुडाशी, मांड्यांच्या आतून फिरवितात. वेगळे काही लागले तर शेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढतात, म्हणजे महिन्याने वाढ कळते. गेल्या आठवड्यात उजव्या कानामागे हरभऱ्याएवढे काहीतरी हाताला लागले. दुसऱ्याच दिवशी फोटो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी बुधवारी तट्टू घेऊन बोलावले आहे, आणि तोवर त्याला कोणी हात लावू नये असे बजावले आहे.